वच्छीच्या दोन बाटल्या

अणदूरचं माहेरचं घर विकायचं ठरलं, म्हणून ते आवरायला मी दोन दिवस आधीच आले. वच्छी तिसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. सगळं आवरून झालं की येण्याची तिची जुनी सवय आहे. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या खालच्या खणात हात घातला, तर तळाला चिकटलेली एक चपटी बाटली हाताला लागली. आखूड गळा, एक अंग अगदी सपाट, रबरी बूच केव्हाच विरून गेलेलं. आईनं तिच्यात वर्षानुवर्षं डोक्याचं तेल ठेवलं होतं. मी वास घेतला. खवट खोबरेलाच्या खाली आणखी कसला तरी वास लागेल असं उगीचच वाटलं होतं, पण लागला नाही.

मी आता ऐंशीच्या पुढं आहे. या वयात माणसानं हेवेदावे सोडून द्यावेत म्हणतात. मी पुष्कळ काही सोडलं. चहातली साखर सोडली, सोमवार सोडले, मांडी घालून बसणं सोडलं. वच्छीचा हेवा तेवढा सुटला नाही. ती माझी सख्खी धाकटी बहीण, दीड वर्षानं लहान. प्राण्यांच्या शरीरातल्या पेशी काचेच्या बाटलीत जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, आणि त्यांच्यावर जनावरांसाठी लस तयार करायची, यात तिचा जन्म गेला. परदेशात जाऊन आली, तिच्या हाताखाली पन्नास पोरं तयार झाली. मला लोक वत्सलाबाईंची बहीण म्हणून ओळखतात, आणि मी हसून मान डोलावते. त्या हसण्याला किती कष्ट पडतात ते माझं मला ठाऊक.

आम्ही लहान होतो तेव्हा असं काही नव्हतं. म्हणजे हेवा होता, पण तो बांगड्यांचा, रिबिनींचा, अण्णांच्या सायकलवर पुढं कोण बसणार याचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नळदुर्गच्या कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. अण्णांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. विलीनीकरण झालं आणि कचेरीतले कागद मराठी झाले, तसे ते संध्याकाळी अंगणात पाटी घेऊन बसायचे आणि जोडाक्षरं गिरवायचे. आम्ही दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून चुका काढायचो. ओल्या पाटीचा वास, गोठ्यातून येणारा कडब्याचा वास, आणि अण्णांचं ते शरमलेलं हसू. “लई झालं गं पोरींनो, आता मास्तरीनबाईंनी जेवायला वाढावं,” असं म्हणून ते उठायचे.

आणि भंडारा. आमच्या लहानपणाला हळदीचा वास आहे. गावात खंडोबाचं ठाणं, घरोघर भंडाऱ्याची वाटी. गाय व्याली की वासराच्या कपाळाला भंडारा, बाळ जन्मलं की बाळाला, पेरणी निघाली की बियाण्यात चिमूटभर. जे जे जिवंत आहे त्याला देवाचा भंडारा लागलाच पाहिजे, असा आईचा नेम होता. यात तिनं कधी हयगय केली नाही.

आमचा देवही वेगळाच. एक देव आणि गावं दोन. वर्षातले बहुतेक महिने तो अणदूरला राहतो आणि थंडीतले पावणेदोन महिने नळदुर्गला जातो. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून कागदावर करार करतात, देव अमक्या दिवशी नेणार, अमक्या दिवशी परत देणार. पालखी निघाली की अख्खा रस्ता पिवळा व्हायचा, घशात हळद जायची आणि आम्ही खोकत खोकत येळकोट ओरडायचो. दुसऱ्या दिवशी रिकाम्या देवळातून आम्ही घंटाही न वाजवता परत फिरायचो. एकदा मी अण्णांना म्हटलं, “आमच्या दोघींचा पण असा कागद करा. सायकलवर कुणी किती दिवस बसायचं ते लिवा.” अण्णा हसले. कागद काही त्यांनी केला नाही.

तो करायला हवा होता. कारण पुढं अण्णांच्या पगारात कॉलेजची एकच जागा बसत होती आणि आम्ही होतो दोघी. मुलींना उशिरा शाळेत घातल्यामुळं आम्ही एकाच वर्गात होतो. शास्त्राच्या विषयात मी पहिली यायचे, वच्छी तिसरी-चौथी. बेडकाचं हृदय फळ्यावर मी काढायचे आणि ती माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. मॅट्रिकनंतर औरंगाबादच्या कॉलेजात गेली ती वच्छी. मला सास्तूरला दिलं. दोन वर्षांत मी परत माहेरी आले, पांढऱ्या कपाळानं. हे असं का झालं, तसं का झालं, ते सांगत बसत नाही. सांगून त्यातलं काही बदलत नाही. वच्छीची ट्रंक बसच्या टपावर चढली तेव्हा तिच्यावर मीच दोरी बांधली होती, एवढं आठवतं. गाठ इतकी करकचून मारली की तिकडं ती चाकूनं कापावी लागली, असं तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं.

माझ्याजवळ एक गोष्ट होती जी तिच्याजवळ नव्हती. माझा हात. उन्हाळ्यात कैऱ्या उतरल्या की गल्लीतल्या बायका मला बोलवायला यायच्या. बरणी त्यांची, मसाला त्यांचा, पण पहिल्या फोडी मी घालायच्या. माझ्या हातच्या लोणच्याला कधी बुरशी धरली नाही, दही बिघडलं नाही, सांडग्यांना कुबट वास आला नाही. “या पोरीचा हात निर्मळ हाय,” असं म्हाताऱ्या म्हणायच्या. वच्छीनं एकदा हट्टानं बरणी भरली होती. पंधरा दिवसांत वर पांढरी साय आली आणि आईनं ती उकिरड्यावर नेऊन ओतली. वच्छी ढसाढसा रडली होती. मी तिची समजूत काढली, आणि आतून मला फार बरं वाटलं होतं.

मग तिची पत्रं येऊ लागली. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं, पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत ती लागली. पत्रं आई मला मोठ्यानं वाचायला लावायची. तिथल्या खोलीला स्पिरिटचा वास येतो. आत जाताना चपला काढाव्या लागतात, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, तोंडाला फडकं बांधावं लागतं, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. बाटलीचं तोंड दिव्याच्या ज्योतीवरून फिरवल्याशिवाय उघडायचं नाही. हवेतला एक कण आत गेला तर महिन्यांची मेहनत नासते. आई म्हणायची, “म्हंजे सोवळ्यातलाच सैपाक की!” मी पत्राची घडी घालून ठेवायचे आणि चुलीपुढं जाऊन बसायचे. हे काम माझं होतं. देवानं हात मला दिला आणि खोली तिला दिली, असं मी त्या धुरात बसून मनाशी म्हणायचे.

सत्तर सालाच्या आसपासची ती संक्रांत. देव नळदुर्गला गेलेला, गावात थंडी, अंगणात तिळाच्या पेंढ्या. वच्छी सोलापूरच्या बसमधून उतरली ती एका हातानं पोट धरूनच. आई घाबरली. तर तिनं पदराखालून कमरेला बांधलेली कापडी थैली सोडली आणि तिच्यातून दोन चपट्या बाटल्या काढल्या. आत कुंकू कालवल्यासारखं लालसर पाणी. माणसाच्या अंगाइतकी ऊब त्यांना लागते, म्हणून पुण्याहून अंगाला बांधून आणल्या होत्या. त्या हैदराबादला नेऊन द्यायच्या होत्या. पण संक्रांतीच्या सुट्टीत तिथल्या प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून मधले तीन दिवस घरी. बाटलीच्या सपाट अंगाला आतून पेशी चिकटलेल्या आहेत, एका उंदराएवढ्या प्राण्याच्या शरीरातल्या, असं ती मला हळूच म्हणाली. वर्षभर तिनं त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार करत जगवल्या होत्या. त्यांच्यावर लाळ-खुरकताची लस होते का ते बघायचं होतं. तोंड चिघळून, खूर सडून खाली बसलेले बैल आम्ही दोघींनीही पाहिले होते. मी बाटली उजेडात धरली. मला काहीच दिसलं नाही.

“असं न्हाई दिसत,” वच्छी म्हणाली. “त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.”

तिनं सहज म्हटलं. मला ते झोंबलं.

सरकीनं भरलेल्या वेताच्या पाटीत बाटल्या पुरल्या, शेजारी गरम पाण्याचा तांब्या, आत ताप बघायची नळी. अठ्ठ्याण्णवच्या खाली पारा आला की तांब्या बदलायचा. संक्रांतीच्या सकाळी आतलं पाणी केशरी पडलं होतं. पेशींनी खाऊन संपवलं की ते असं पिवळटत जातं. मग जुनं ओतून नवं घालायचं. त्यासाठी भरलेली तिसरी बाटली तिनं सोबत आणली होती. आम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावली, ओलं फडकं फिरवून धूळ बसवली, स्पिरिटचा दिवा पेटवला. वच्छीनं बूच धरलं आणि तिची बोटं थरथरायला लागली. दोन रात्रींची जागी होती ती, बाटल्यांपायी.

“अक्का, तू कर,” ती म्हणाली. “मी सांगते तसं कर.”

मी केलं. कोपरापर्यंत हात धुतले, श्वास धरला, बाटलीचा गळा ज्योतीवरून फिरवला, बूच करंगळीत धरलं, जुनं ओतलं, नवं घातलं, पुन्हा ज्योत, पुन्हा बूच. दुसरी बाटली तशीच. एक थेंब सांडला नाही, काचेला काच लागली नाही. त्या थोड्याशा वेळात मी कुणाची विधवा नव्हते, कुणाची मुलगी नव्हते. असा आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

वच्छी माझ्या हातांकडं बघत राहिली होती. मग एकदम म्हणाली, “अक्का, चल तिकडं माझ्यासंगं. आमच्या साहेबांना या कामाला पदवी नको, हात पाहिजे. ह्या बाटल्या नीट पोचल्या की मी त्यांना सांगते, वाटेत पाणी माझ्या बहिणीनं बदललं म्हणून.”

मी हात पुसले. तिळगूळ वाटायला निघून गेले. दिवसभर लोकांना गोड बोला सांगत फिरले आणि आत माझं रक्त उकळत होतं. मला जायचं होतं. त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत जायला मी अनवाणी निघाले असते. पण वच्छीच्या हाताखाली? जिनं बेडकाचं हृदय माझ्या वहीतून उतरवलं, तिनं मला आण म्हटलं की आणायचं, ठेव म्हटलं की ठेवायचं? माझीच जागा, आणि ती मला तिनं दान द्यायची?

दुसऱ्या दिवशी वच्छी अण्णांबरोबर नळदुर्गला देवाच्या दर्शनाला गेली. जाताना मला बजावून गेली, “अक्का, पाटीपाशीच बस. कुणालाबी बूच उघडू देऊ नको.” मी ज्वारी निवडत पाटीशेजारी बसले. दुपारी आई देवघरातून आली. हातात भंडाऱ्याची वाटी.

“काय हाय गं त्या बाटलीत?” तिनं विचारलं.

“जीव हाय म्हणती वच्छी.”

“जीव हाय आन् भंडारा न्हाय लावला?” आई खाली बसली. तिनं एक बाटली सरकीतून काढली, काचेला हळदीचं बोट लावलं आणि थबकली. “काचंला लावून काय उपेग? जीव तर आत हाय.”

तिनं बूच काढलं, चिमूटभर भंडारा आत सोडला, हात जोडले, बूच लावलं. मग दुसरी बाटली. सगळं सावकाश, वासराला लावताना करायची तितक्याच मायेनं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. “आई, नको” एवढे दोनच शब्द लागत होते. पहिल्या बाटलीला नाही सुचले म्हणावं, तर दुसऱ्या बाटलीलाही वेळ होता. माझ्या हातात ज्वारीतला खडा होता, तो मी बोटांत फिरवत बसले. आई गेल्यावर काचेवरचं हळदीचं बोट मी पदरानं पुसलं आणि बाटल्या पुन्हा सरकीत पुरल्या.

पहाटेच्या अंधारात वच्छी त्या कमरेला बांधून हैदराबादच्या बसमध्ये बसली. नव्या पाण्याची रिकामी झालेली बाटली आईनं तिच्याकडून मागून घेतली, तेलाला होईल म्हणून.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आईनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी अर्धं वाचलं, उरलेलं मनातल्या मनात. दोन्ही बाटल्या गढूळ झाल्या होत्या, आत बुरशी. वर्षाचं काम गेलं. खाली लिहिलं होतं, पाणी मीच बदललं असं साहेबांना सांगितलं आहे, तुझं नाव घेतलं नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी ते पत्र हातात धरून कितीतरी वेळ परसात उभी होते. तिला वाटत होतं माझ्या हातानं नासलं. माझ्या हातानं! माझ्याजवळ जे एकच होतं त्याचंच नाव गेलं होतं, आणि ते परत मिळवायचं तर सांगावं लागणार होतं की मी बसून बघत होते. मी उत्तर लिहिलं, आईची तब्येत बरी आहे, थंडी ओसरली. प्रयोगशाळेतल्या नोकरीचं वच्छीनं पुन्हा कधी काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू बोलवायला आल्या तेव्हा मी पाठ दुखते म्हणून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यातही दुखली. मग बोलावणी बंद झाली. उस्मानाबादला मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई म्हणून लागले, तिथंच आयुष्य काढलं. टाके सरळ घालायला निर्मळ हात लागत नाही. वच्छीनं पेशी नव्यानं आणल्या, नव्यानं जगवल्या. काही वर्षांनी मी सुट्टीला घरी असताना लाळ-खुरकताची लस टोचायला गावात डॉक्टर आला, तेव्हा वेशीतल्या पाटलांनी मला मुद्दाम हाक मारून सांगितलं, “बाई, तुमच्या वच्छीचं अवषिद आलं बरं का! लई नाव काढलं पोरीनं.” मी म्हटलं, व्हय. बैल रांगेत उभे होते, दांडगे, चकचकीत, एकाचंही तोंड चिघळलेलं नव्हतं, आणि मला त्यांच्याकडं बघवेना. कुठली बाई जनावरांच्या बरं असण्यावर जळते? मी जळले.

वच्छी ठरल्याप्रमाणं दुपारी आली. मोटारीतून उतरताना तिनं ड्रायव्हरचा हात धरला नाही. तेही मी बघून घेतलं. आवरलेल्या घरातून ती एकदा फिरली, मग ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. मी काही ठरवलं नव्हतं. पश्चात्तापानं बोलले असंही म्हणवत नाही. आता घर विकलं की ते स्वयंपाकघर जाणार, आणि तिथं माझ्या हातानं काय केलं होतं याला जगात साक्षीदार एकच उरला होता, तोही चुकीचा. मला ते सहन होईना.

“वच्छे,” मी म्हटलं, “त्या बाटल्या माझ्या हातानं नासल्या न्हाईत. तू नळदुर्गला गेलीस तेव्हा आईनं त्यात भंडारा टाकला. मी तिथंच होते. बघत होते. बोलले न्हाई.”

ती रस्त्याकडं बघत होती.

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली.

“काय ठाऊक हाय?”

“हैदराबादला गेल्या गेल्या बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बुरशी दिसली, आन् बुरशीच्या मधोमध हळदीचे कण. या घरची लेक मी, हळद ओळखायची न्हाई व्हय? तू बघत होतीस ते न्हवतं ठाऊक. पण हात तुझा न्हवता, हे त्याच दिवशी कळलं होतं.”

मी तिच्याकडं वळले. “मग पत्रात तसं का लिहिलंस? मी पन्नासावर वर्षं—”

“हळदीचंच लिहायला बसले होते. अर्धं लिहून फाडलं.” तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला नाही. “लिहिलं असतं तर तू आली असतीस, अक्का. मी पाच वर्षं घासून जे शिकले ते तू एका सकाळी केलंस. पहिल्यांदा. श्वाससुद्धा हलला न्हाई तुझा. घरी बोलून गेले चल म्हणून, पण बसमधी बसल्यापासून तुझा हातच डोळ्यापुढं येत होता. साहेबांनी तो एकदा बघितला असता तर मला कुणी विचारलं असतं? म्हणून तुला वाटू दिलं, तुझ्यानंच नासलं म्हणून. मला वाटलं, एवढ्यानं तू गप बसशील. बसलीस.”

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. मला संताप यायला हवा होता. माझी खोली, माझे उन्हाळे, गल्लीतल्या सगळ्या बरण्या, सगळं तिनं एका फाडलेल्या पत्रात घालवलं होतं. मी संतापाची वाट बघितली. पण मनात दुसरंच घोळत होतं. परदेशी जाऊन आलेली, पन्नास पोरं घडवलेली वच्छी माझ्यावर जळली होती.

“अजून वाटतं तसं?” मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. “निवृत्त होईपर्यंत वाटायचं. बूच उघडताना दर वेळी.”

मी माझे दोन्ही हात मांडीवर घेतले. शिरा वर आलेल्या, सांधे वाकडे झालेले, सुईनं टोचलेली बोटं. मी ते तिच्यापुढं धरले.

“पुन्हा सांग,” मी म्हटलं.

“काय?”

“कसा होता माझा हात, ते. पहिल्यापासून सांग, दिवा पेटवला तिथून.”

वच्छीनं नाक पुसलं आणि सांगायला लागली.